माजाचे दिवस आणि पाळीचे दिवस

पाळी दर महिन्याला वेळेवर येते, तपासणीत काही निघत नाही, लग्नाला दोन वर्षे होऊन गेली, तरी दिवस का राहत नाहीत, ही चिंता घेऊन लातूर, नांदेड आणि धाराशिव या भागांतून येणाऱ्या जोडप्यांशी मला नेहमी बोलावे लागते. बहुतेक वेळा स्त्री सासूबरोबर किंवा आईबरोबर येते, तिच्या पिशवीत रिपोर्टांची जाड फाईल असते आणि त्या फाईलीत नवऱ्याच्या नावाचा एकही कागद नसतो. ज्यांच्याविषयी इथे लिहिते आहे, त्या जोडप्याची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. नवऱ्याचा व्यवसाय मात्र मुद्दाम तसाच ठेवला आहे, कारण गुंता तिथेच होता आणि तो सुटलाही तिथूनच.

तो खासगी कृत्रिम रेतन करणारा. गोठवलेले रेत ठेवलेला द्रवरूप नायट्रोजनचा कंटेनर मोटारसायकलला बांधून खेडोपाडी फिरायचे, माजावर आलेली, म्हणजे गर्भ धरण्याच्या वेळेत असलेली गाय किंवा म्हैस भरवायची, हे त्याचे रोजचे काम. देवणी आणि लाल कंधारी गायींची त्याला चांगली पारख होती. ती 26 वर्षांची, पाळी 30 ते 32 दिवसांनी येणारी, प्रकृतीने धडधाकट. सासूबाईंनी तुळजापूरला नवस बोलून झाला होता, दोन ठिकाणची औषधे घेऊन झाली होती, आणि आता घरात दुसऱ्या लग्नाचा विषय निघू लागला होता, म्हणून तो स्वतःच बायकोला घेऊन आला होता. त्याचे पहिले वाक्य मला चांगले आठवते. “मॅडम, गायीचं सगळं कळतंय मला. माझ्या हातानं भरलेली गाय सहसा उलटत नाही, पुन्हा माजावर येत नाही. मग घरातलंच का कळंना?”

अशा वेळी मी आधी एक साधा, पण घराघरांत कुणीच न विचारणारा प्रश्न विचारते, तो म्हणजे महिन्यातल्या कोणत्या दिवसांत तुमचा संबंध येतो. ती खाली बघत राहिली. त्याने मात्र नोंदवही वाचून दाखवावी तसे सांगितले की, पाळीच्या पाचव्या दिवसापासून आठव्या दिवसापर्यंत ते रोज एकत्र येतात आणि त्यानंतर पुढच्या पाळीपर्यंत तो कटाक्षाने लांब राहतो, कारण वीर्य साठून दाट झाले की पुढच्या महिन्यात त्याचा जोर वाढतो अशी त्याची समजूत होती. पाचवा दिवस का, याचेही उत्तर त्याच्याकडे तयार होते. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मते चौथ्या दिवशी न्हाल्यानंतर स्त्री गर्भधारणेला योग्य होते, आणि त्याच्या स्वतःच्या अनुभवाने या मताला दुजोरा मिळाला होता, कारण कालवडीच्या मागच्या बाजूला रक्ताचे थेंब दिसले की माज नुकताच होऊन गेला असे तो शेतकऱ्यांना सांगत असे. बाईलाही रक्त दिसते, म्हणजे तिचाही माज त्याच सुमारास असणार आणि आता उशीर करून चालणार नाही, असा हिशेब त्याने स्वतःशी मांडला होता.

हा हिशेब ऐकून हसण्यासारखे काही नाही. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातल्या नामांकित डॉक्टरांनी नेमका हाच हिशेब केला होता. 1843 मध्ये बिशॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने कुत्रीचे बीज माजाच्या काळात आपोआप सुटते हे दाखवले, आणि स्त्रीची पाळी म्हणजे तिचा माजच, असे समजून पुढे कित्येक दशके पाळीच्या आसपासचे दिवस गर्भधारणेचे आणि मधले दिवस निर्धोक, असा उलटा सल्ला दिला गेला. जपानमधले ओगिनो आणि ऑस्ट्रियातले क्नाउस यांनी 1920 च्या दशकात स्वतंत्रपणे काम करून ही चूक दुरुस्त केली. स्त्रीचे बीज पुढची पाळी येण्याच्या सुमारे 14 दिवस आधी सुटते, हे तेव्हापासून पक्के झाले. मी त्याला हे सांगितले तेव्हा त्याच्या खांद्यांवरचा ताण थोडा उतरल्यासारखा वाटला.

मग मी कागदावर दोन आडव्या रेषा काढल्या, वरची गायीची 21 दिवसांची आणि खालची त्याच्या बायकोची 31 दिवसांची. गायीच्या रेषेवर मी माजाच्या दिवशीच बीज सुटल्याची खूण केली, तर त्याने माझ्या हातातून पेन घेतले आणि खूण पुढे सरकवली. माज 12 ते 18 तास टिकतो आणि बीज तो संपल्यावर आणखी दहा-बारा तासांनी सुटते, म्हणून तर सकाळी माज दिसलेली गाय संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेली दुसऱ्या दिवशी सकाळी भरायची, हे त्याने मला समजावून दिले. एवढी अचूक माहिती असलेल्या माणसाला खालची रेषा समजायला वेळ लागणार नव्हता.

दोन्ही शरीरांत संप्रेरकांची साखळी जवळपास सारखीच असते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पियुषिका ग्रंथीतून येणाऱ्या एफएसएच या संप्रेरकामुळे बीजाशयातली बीजकोशिका, म्हणजे बीज असलेली लहानशी पिशवी, वाढते, वाढणारी कोशिका इस्ट्रोजेन तयार करते, इस्ट्रोजेनचे प्रमाण पुरेसे वाढले की पियुषिकेतून एलएच या दुसऱ्या संप्रेरकाची एकदम लाट येते आणि त्या लाटेनंतर बीज सुटते. स्त्रीमध्ये लाट सुरू झाल्यापासून याला साधारण दीड दिवस लागतो. रिकाम्या झालेल्या कोशिकेचे पीतपिंड होते, ते प्रोजेस्टेरॉन तयार करते आणि गर्भाशयाचे अस्तर गर्भासाठी सज्ज ठेवते. फरक पडतो तो गर्भ न राहिल्यास पुढे काय होते यात. पीतपिंड सुकले आणि प्रोजेस्टेरॉन उतरले की स्त्रीचे अस्तर सुटून रक्तावाटे बाहेर पडते, आणि यालाच आपण पाळी म्हणतो. गायीचे अस्तर असे गळून पडत नाही. काही गायी-कालवडींना माजानंतर एक ते तीन दिवसांत जे रक्त दिसते, ते इस्ट्रोजेन अचानक घटल्यामुळे गर्भाशयातल्या बारीक केशवाहिन्यांतून आलेले असते. म्हणजे कालवडीचे रक्त बीज सुटण्याच्या वेळेशी लागून येते, तर स्त्रीचे रक्त बीज सुटून सुमारे दोन आठवडे उलटल्यावर येते.

31 दिवसांच्या चक्रात बीज सतराव्या दिवसाच्या आसपास सुटणार. सुटलेले बीज 12 ते 24 तास टिकते, आणि पुरुषाचे शुक्राणू स्त्रीच्या शरीरात जास्तीत जास्त पाच दिवस तग धरतात. आठव्या दिवशी थांबलेल्या जोडप्याचे शुक्राणू फार तर तेराव्या दिवसापर्यंत पोहोचले असते. त्याने बोटांवर मोजले, पुन्हा मोजले आणि बायकोकडे बघून म्हणाला, “दोन वर्षं आपण रिकाम्या गोठ्यात जात होतो की.” ती इतक्या वेळात पहिल्यांदा हसली.

ती हसली म्हणून पुढचे बोलणे निघाले. तिची स्वतःची तक्रार अशी होती की पाळी संपल्यावर आठवडाभराने दोन-तीन दिवस अंगावरून पाणी जाते, आणि त्यासाठी तिने औषधेही घेतली होती. कसे असते, असे विचारल्यावर ती म्हणाली की पांढरे नसते, अंड्याच्या कच्च्या बलकाभोवतीच्या पाण्यासारखे स्वच्छ असते, बोटांत धरले तर तार येते, वास नाही आणि खाजही नाही. मी नवऱ्याकडे पाहिले. गायीचा काचेसारखा सोट, म्हणजे लोंबणारा चिकट स्राव, पाहून माज ठरवणारा हा माणूस क्षणभर गप्प झाला. दोन्हीकडे हे इस्ट्रोजेनचेच काम आहे. स्त्रीच्या गर्भाशयमुखातला स्राव त्या दिवसांत पातळ आणि ताणला जाणारा होतो, म्हणजे शुक्राणूंना वर जाता येते, आणि एरवी तो घट्ट होऊन वाट अडवतो. तो आजार नव्हे. दह्यासारखा, पिवळा-हिरवा, दुर्गंधी असलेला किंवा खाजेबरोबर येणारा स्राव मात्र डॉक्टरांना दाखवायलाच हवा. गाय हंबरून, दुसऱ्या गायींवर उडी घेऊन सगळ्या वाड्याला कळवते, स्त्रीचे शरीर असा कोणताही गाजावाजा करत नाही, त्यामुळे ही एवढीशी खूण हातची जाऊ देऊ नये असे मला वाटते.

राहिला नवऱ्याच्या तपासणीचा विषय. इथे बहुतेक पुरुष उठून जातात. त्याला मी इतकेच विचारले की वळूचे रेत सूक्ष्मदर्शकाखाली न बघता कधी कांडी (रेत गोठवून ठेवायची बारीक नळी) भरतात का. तो म्हणाला, “कसं भरतील?” आणि स्वतःच पुढचे समजला. मूल न होण्याच्या साधारण निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारण एकटे किंवा स्त्रीच्या कारणाबरोबर असते, तरीही आपल्याकडे तपासण्यांचा सगळा भार बाईवर पडतो, हे मला कधीच पटलेले नाही. दोन ते सात दिवस संबंध टाळून मग वीर्याचा नमुना द्यायचा असे प्रयोगशाळेने सांगितले होते, पण हा पठ्ठ्या तीन आठवडे साठवून मग गेला. शुक्राणूंची संख्या चांगली निघाली, चलनशीलता, म्हणजे हालचाल करणाऱ्या शुक्राणूंचे प्रमाण, मात्र कमी आली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेत एकूण चलनशीलतेची खालची मर्यादा 42 टक्के धरली आहे, आणि याची त्याखाली होती. साठवल्याने वीर्य दाट झाले तरी त्यात जुने, मंदावलेले शुक्राणू वाढतात, म्हणून वाट बघण्याचा त्याचा सगळा नेम उलटाच पडत होता. डॉक्टरांनी गुटखा सोडायला सांगितले (तो राज्यात 2012 पासून बंद आहे आणि याच्या खिशात दोन पुड्या होत्या) आणि सुमारे तीन महिन्यांनी पुन्हा तपासायला सांगितले, कारण एक शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास काळ लागतो आणि आज सोडलेल्या सवयीचा परिणाम आजच्या नमुन्यात दिसत नाही.

त्याला लगेच इंजेक्शन, आययूआय (वीर्य थेट गर्भाशयात सोडणे) असे काहीतरी करून हवे होते. मी डॉक्टरांच्या मतानेच त्याला थांबवले. वर्षभर नियमित संबंध येऊनही दिवस राहिले नाहीत तर तपासणी करावी, स्त्रीचे वय 35 किंवा त्याहून अधिक असेल तर सहा महिन्यांतच करावी, हा सर्वसाधारण नियम. पण यांचा तर तो संबंधच योग्य दिवसांत आलेला नव्हता. तारखांचा तक्ता भिंतीवर लावू नका, असेही मी बजावले. पाळी संपल्यानंतर दोन-तीन दिवसांआड एकत्र येत राहिले तर तक्त्याची गरज उरत नाही, आणि ठरलेल्या रात्री परीक्षेला बसल्यासारखे वागण्याने जो ताण येतो तोही टळतो. पाय वर करून झोपण्याची किंवा सासूबाईंनी सांगितलेला कडू काढा घेण्याचीही आवश्यकता नाही, हे तिने दोनदा विचारून घेतले.

दुसरा रिपोर्ट मर्यादेच्या वर आला आणि त्यानंतर काही महिन्यांनी पाळी चुकली. मग एके दिवशी त्याचा फोन आला तो तक्रारीचा. दवाखान्याच्या कार्डावर बाळंतपणाची तारीख चुकीची लिहिली आहे, त्याच्या हिशेबापेक्षा दोन आठवड्यांहून थोडी अधिक आधीची आहे, असे त्याचे म्हणणे होते. त्याने गाय भरल्याच्या दिवसापासून मोजतात तसे, तार येण्याच्या त्या दिवसांपासून 280 दिवस मोजले होते. गायीचे 280 ते 285 दिवस खरोखरच रेतनाच्या तारखेपासून धरतात. बाईचे 280 दिवस मात्र शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणून त्यांतले पहिले दोन आठवडे गर्भ राहण्याच्या आधीचेच असतात. तिचे चक्र थोडे लांब असल्याने पहिल्या सोनोग्राफीनंतर डॉक्टर ती तारीख थोडी पुढे नेऊ शकतील, एवढे मी त्याला सांगितले, आणि कार्डावर खाडाखोड करू नका म्हणाले.