सहीभोवतीचा कागद : बडोद्याच्या संग्राहकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : आमच्या आजोबांच्या सह्यांच्या वहीत एकाच पानावर विजय हजारे आणि गुल महंमद या क्रिकेटपटूंच्या सह्या आहेत. धाकटा भाऊ म्हणतो, पान मधोमध कापून एकेक सही घेऊ आणि हल्ली संग्राहकांसाठी खेळाडूंच्या सहीची छापील कार्डे मिळतात तशा कार्डांत बसवून घेऊ. मला ते पटत नाही, पण वहीवर हक्क त्याचाही आहे. (दांडिया बाजार)

उत्तर : हक्क दोघांचाही आहे, आणि म्हणूनच दुसऱ्याच्या संमतीवाचून कात्री लावण्याचा अधिकार दोघांपैकी एकालाही नाही. परंतु संमती झाली तरी पान कापू नये, असेच मी आग्रहाने सांगेन. १९४६-४७ च्या रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात, आपल्या बडोद्यातच, होळकर संघाविरुद्ध या दोघांनी चौथ्या गड्यासाठी ५७७ धावांची भागी रचली. गुल महंमद यांच्या ३१९ आणि हजाऱ्यांच्या २८८ धावा झाल्या. प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमध्ये कोणत्याही गड्यासाठी याहून मोठी भागी २००६ पर्यंत झाली नव्हती. पुढे गुल महंमद पाकिस्तानात गेले आणि १९५६ मध्ये त्या देशाकडून एक कसोटी खेळले. ही दोन नावे एका कागदावर शेजारी शेजारी असणे हेच त्या पानाचे मोल आहे, आणि ते कापल्यावर तुमच्या वाट्याला अर्धे मोल येणार नाही, त्याहून पुष्कळ कमी येईल.

दुसरी गोष्ट पुराव्याची. सही अस्सल आहे की नाही हे परीक्षक केवळ अक्षराच्या वळणावरून ठरवत नाही. कागद कोणत्या काळातला आहे, दोन्ही सह्यांची शाई आणि दाब कसा आहे, पानामागे कोणाच्या सह्या आहेत, आजोबांनी तारीख किंवा गावाचे नाव टिपले आहे का, हे सारे तो पाहतो. सहीपुरता तुकडा कापला की यातले बहुतेक नाहीसे होते आणि उद्या कोणी शंका घेतली तर दाखवायला हातात काही उरत नाही. वाटणीचा जुना मार्ग येथेही चालेल : जाणकाराकडून किंमत ठरवून एकाने वही ठेवावी आणि दुसऱ्याला त्याच्या हिश्श्याचे पैसे द्यावेत, आणि तसे लेखी करून ठेवावे. पानाला लॅमिनेशन करू नका. वही परदेशी विकण्याचा विचार असेल तर मात्र थांबा, कारण ७५ वर्षांहून जुना, ऐतिहासिक मूल्याचा हस्तलिखित कागद १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकतो आणि पुरावस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही.

प्रश्न : मी इंटरनेटवरून एका आजच्या खेळाडूच्या सहीचे कार्ड घेतले. नंतर कळले, की ती सही दुसऱ्या कंपनीच्या कार्डातून कापून या कार्डाच्या खिडकीत बसवली आहे. विक्रेता म्हणतो, ‘कार्ड माझे होते, मी कापले.’ (रावपुरा)

उत्तर : विक्रेत्याचे म्हणणे अर्धेच खरे आहे. विकत घेतलेले कार्ड कापायला त्याला सहसा कोणी अडवू शकत नाही; पण कापलेली वस्तू न कापलेली म्हणून विकण्याची मुभा त्यातून मिळत नाही. ‘कट सिग्नेचर’, म्हणजे दुसऱ्या कागदावरून कापलेली सही कार्डात बसवणे, हा प्रकार अमेरिकी कंपन्यांनी रूढ केला, तो प्रामुख्याने दिवंगत खेळाडूंसाठी, कारण त्यांच्या सह्या जुन्या पत्रांतून आणि धनादेशांतूनच मिळू शकतात, आणि तसे कार्डावर उघड छापलेले असते. (ते उघड असूनही मला नेहमीच रुचते असे नाही. २००३ मध्ये डॉनरस या कार्डे काढणाऱ्या कंपनीने अमेरिकी बेसबॉलपटू बेब रुथचा १९२५ चा जर्सी अडीच लाखांहून अधिक डॉलरना घेतला आणि कार्डांत बसवण्यासाठी त्याचे तुकडे केले. अखंड राहिलेला जर्सी सर्वांना पाहता आला असता, ही संग्राहकांची तक्रार मला आजही रास्त वाटते.)

तुमच्या बाबतीत हानी निराळी आहे. सही अस्सल असल्याची कंपनीची हमी मूळ कार्डाच्या मागच्या बाजूला छापलेली असते, आणि मोजक्याच प्रती काढून क्रमांक घातलेले कार्ड असेल तर त्याचा क्रमांकही कार्डावरच असतो. सही कापली तेव्हा हे दोन्ही मागे राहिले. तुमच्याकडे आली ती हमीवाचूनची सही. विक्रीचे वर्णन, पैसे दिल्याची नोंद आणि संभाषण यांच्या प्रती आजच जपून ठेवा. १९३० च्या वस्तुविक्री कायद्यानुसार वर्णनावरून विकलेली वस्तू वर्णनाबरहुकूम असली पाहिजे. प्रथम लेखी पत्राने परतावा मागा. विक्रेता हा नियमित व्यापार करणारा असेल आणि दाद देत नसेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते. विक्रीच्या वर्णनात ‘कापून बसवलेली सही’ असे स्पष्ट लिहिलेले असेल आणि ते तुमच्या नजरेतून सुटले असेल, तर मात्र तुमची बाजू लंगडी आहे.

प्रश्न : सही असलेल्या कार्डाची एक कड किंचित झिजली आहे. अर्धा मिलिमीटर कातरून सरळ केली तर चालेल का? सहीला धक्का लागत नाही. (अलकापुरी)

उत्तर : चालणार नाही. प्रचलित कार्डाचे माप अडीच इंच बाय साडेतीन इंच असते, आणि ग्रेडिंग करणारे, म्हणजे कार्डाची स्थिती पाहून त्याला श्रेणी देणारे, माप तसेच कडेचा काप दोन्ही तपासतात. कातरल्याचे आढळले तर नेहमीची श्रेणी मिळत नाही. जुन्या काळातला अमेरिकी बेसबॉलपटू होनस वॅग्नर याचे जगप्रसिद्ध कार्ड आपण कातरले होते, अशी कबुली ते विकणाऱ्या बिल मास्ट्रो यांनी २०१३ मध्ये दिली, आणि तोवर ते कार्ड अनेक वर्षे उत्तम श्रेणीचे म्हणून लाखो डॉलरना हातोहात फिरले होते. झिजलेली कड तशीच राहू द्या आणि विकताना ती झिजली असल्याचे लिहा.