एकदा मे महिन्यात घरी ये

न्यू जर्सीहून एका लेकीचं पत्र आलंय. माहेर नागपूरचं, महालातलं. ती लिहिते, "ताई, घर आहे, नोकरी आहे, नवरा समजूतदार आहे, पण मनाला शांती नाही. पहाटे चारला जाग येते ती आईच्या आठवणीनेच. फोन केला की ती म्हणते, 'मी मजेत आहे.' यंदा सुट्टी टाकून विपश्यनेला जाऊ का? मुलगी आरतीला उभी राहत नाही, तेही लागतं मनाला."

बाई गं, त्या पहाटेच्या चारातून आपण सगळ्याच गेलोय. पण पुढचं वाक्य वाचून मला तुझा रागच आला. "दर डिसेंबरला न चुकता जातो."

डिसेंबरचं नागपूर पाहुण्यांचं असतं. हवा छान, बाजारात संत्री, लग्नाची आमंत्रणं, आईने आठ दिवस आधीपासून घर आवरून ठेवलेलं. आईचं खरं वर्ष मे महिन्यात दिसतं. पारा ४५च्या वर, अकरानंतर रस्ते ओस, शेजारीणसुद्धा डोकावत नाही. त्या दुपारी तिला कधी पाहिलंयस?

मी २२ वर्षं परदेशात काढली आणि डिसेंबरातच येत राहिले. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून स्टेशनवर उभे असायचे. एकदा घराच्या कागदांसाठी मेमध्ये यावं लागलं. बाबा मागच्या खिडकीशी होते. कूलरचा पंप बंद पडलेला, म्हणून बादलीतलं पाणी मग्ग्याने कूलरच्या ताट्यांवर, म्हणजे त्याच्या बाजूंना लावलेल्या गवताच्या जाळ्यांवर, टाकत होते. बनियन पाठीला चिकटलेली. ताट्या गेल्या वर्षीच्याच, काळ्या पडून खाली गळालेल्या. मला बघून म्हणाले, "कशाला आली एवढ्या उन्हात?"

फोनवर त्यांनी पंपाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. मीही रोज "जेवलात का, गोळी घेतली का" एवढंच विचारत होते. त्या दिवशी आम्ही दोघांनी मिळून नव्या वाळ्याच्या ताट्या लावल्या, पंप बदलून आणला. ओल्या वाळ्याचा वास खोलीभर पसरला आणि बाबा चटईवर तीन तास गाढ झोपले. मी उशाशी बसून होते. त्या रात्री कित्येक वर्षांनी मलाही सलग झोप लागली.

विपश्यनेवर माझी श्रद्धा आहे. नागपूरजवळ माहूरझरीलाही केंद्र आहे. पण शिबिर १० दिवसांचं, आणि तुझी सुट्टीही तेवढीच असेल, तर यंदा ते दिवस आईला दे. शिबिर पुढच्या वर्षी कर. "मुलांची शाळा जूनपर्यंत असते," असं लिहिलंयस. मग मुलं त्यांच्या बाबांजवळ राहू देत, तू एकटी ये. सकाळी ऊन चढायच्या आत आईला टेकडीच्या गणपतीला ने, आणि दुपारभर तिच्या शेजारी नुसती पडून राहा. ती बोलेल तेव्हा बोलेल.

मुलीला आरतीला बळेच उभं करू नकोस. माझा मुलगाही उभा राहत नसे, प्रसादाला मात्र हजर. चालतं तेवढं.

तिकीट आधी काढ, मग आईला सांग. आधी विचारलंस तर "उन्हात नको" म्हणून अडवेल. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो, त्याआधी पोच. आणि कूलरच्या ताट्या बदलल्या का, हे आजच्या फोनवरच विचार.