दुसरा गाइड सातासमुद्रापार

पीएचडीबद्दलच्या पत्रांत या खेपेला परदेशी विद्यापीठांचा विषय फार आला. त्यातली पाच पत्रं घेतली आहेत. नावं काढली, गावं ठेवली.

प्रश्न : मी एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो आणि शिकवता शिकवताच पीएचडी करतो आहे. नेदरलँड्समधल्या एका प्राध्यापकांनी को-गाइड व्हायची तयारी दाखवली आहे. माझे गाइड म्हणतात, “ते आपल्या नियमात बसत नाही.” खरं काय? (सातारा)

बसतं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या पीएचडी नियमावलीप्रमाणे मुख्य गाइड पदवी देणाऱ्या संस्थेच्या नोकरीतलाच हवा. पण सह-मार्गदर्शक दुसऱ्या संस्थेतला असू शकतो, त्यासाठी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती दुसरी संस्था भारतातलीच असावी, अशी अट तिथे घातलेली नाही. आपल्या सातारा-सांगलीतल्या बहुतेकांची नोंदणी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात असते. तेव्हा अर्ज, त्या प्राध्यापकांचं संमतिपत्र आणि त्यांचा बायोडेटा तिथल्या पीएचडी विभागाकडे रीतसर जाऊ द्या.

एक आगाऊ प्रश्न विचारतो. त्या डच प्राध्यापकांना पहिला ईमेल पाठवला, तेव्हा तुमच्या गाइडना सीसी केलं होतं का? “नियमात बसत नाही” याचा अर्थ पुष्कळदा “मला विचारलं नाहीत” असा असतो. आधी त्यांच्या केबिनमध्ये जाऊन बसा, अर्ज मग करा.

आणि को-गाइड मिळाला म्हणजे दोन विद्यापीठांची पदवी मिळाली, असं नाही. संयुक्त पदवीसाठी यूजीसीची २०२२ चीच, पण वेगळी नियमावली आहे. तिच्यात दोन्हीकडे एकेक मार्गदर्शक, दोन्हीकडे किमान एकेक सत्र आणि प्रबंध मात्र एकच. नोकरी सांभाळून ते जमवणं अवघड आहे.

प्रश्न : मी सहाय्यक प्राध्यापक आहे, हाताखाली चार संशोधक विद्यार्थी आहेत. आमचं भागीदार विद्यापीठ आम्हा गाइड लोकांसाठी ऑनलाइन प्रशिक्षण घेणार आहे. बारा वर्षं शिकवून झाल्यावर मार्गदर्शन कसं करायचं हे आता परदेशातून शिकायचं? (विटा)

राग समजला. पण मला सांगा, गाइड व्हायला आपल्याला शिकवलं कुणी? विद्यापीठाकडून रेकग्निशनचं, म्हणजे मान्यतेचं, पत्र आलं आणि आपण गाइड झालो. आपल्या गाइडनी आपल्याला ताटकळत ठेवलं, आपण आपल्या विद्यार्थ्यांना ठेवतो. मी स्वतः एका मुलीच्या प्रबंधाचं एक प्रकरण अकरा आठवडे कपाटावर ठेवलं होतं. ती दर सोमवारी यायची, कपाटाकडे बघायची आणि “येते सर” म्हणून जायची. शेवटी मी ते परत दिलं तेव्हा त्यावर पेन्सिलीने लिहिलेला एकच शब्द होता : ठीक.

स्वीडनमध्ये उच्च शिक्षणाच्या सरकारी नियमांतच आहे की प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दोन मार्गदर्शक हवेत, त्याची स्वतःची लेखी अभ्यास-योजना हवी आणि त्याने मागितलं तर मार्गदर्शक बदलून मिळाला पाहिजे. आपल्याकडे गाइड बदलणं म्हणजे ठरलेली सोयरीक मोडण्यासारखं, दोन्ही घरांची अब्रू जाते. ही रीत एका प्रशिक्षणाने बदलणार नाही. पण भेटीची नोंद ठेवायची सवय लागली तरी पुष्कळ झालं. प्रत्येक भेटीनंतर विद्यार्थ्याने त्याच दिवशी चार ओळी ईमेल करायच्या : काय बोललो, काय ठरलं, कुणी करायचं, कधीपर्यंत. गाइडने “बरोबर” एवढंच उत्तर द्यायचं. दर सत्राला संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागतेच, तेव्हा या ओळी जोडल्या की अहवाल तयार.

आता दुसरी बाजू. माझा एक विद्यार्थी तासगावच्या बेदाण्यावर काम करत होता आणि त्याचे को-गाइड जर्मनीतले होते. त्यांनी मसुदा वाचून विचारलं, “द्राक्षं रॅकवर टाकण्याआधी तुम्ही ती कशात बुडवता?” आम्ही दोघंही हसलो. तासगावात शेंबडं पोरसुद्धा सांगेल! पण प्रबंधात ते कुठेच नव्हतं. पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइल, म्हणजे इथाइल ओलिएट, यांच्या पाण्यात घड बुडवले की सालीवरचा मेणाचा थर सैलावतो, आतलं पाणी लवकर निघतं आणि माल दोन आठवड्यांच्या आसपास वाळतो. मी ते प्रकरण दोनदा वाचलं होतं. मला माहीत होतं म्हणून मला ते लिहिलेलं नाही हे दिसलंच नाही. लिहायचं म्हणून तो मोजायला गेला, तर बेदाणा वाळवायच्या तीन शेडांवर तीन वेगळी प्रमाणं निघाली, कारण सगळे अंदाजाने मिसळतात. त्यातून प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण झालं.

त्याच जर्मन प्राध्यापकांनी नंतर जूनमध्ये नमुने घ्यायला सांगितलं. जूनमध्ये शेड रिकामी असते, बेदाण्याचा हंगाम एप्रिलपर्यंत उरकलेला असतो. ते सांगायला इथला गाइडच लागतो. म्हणून प्रशिक्षणाला जरूर बसा, पण अट घाला : काही सत्रं तुम्ही लोकांनी घ्यायची आणि त्यांनी ऐकायची. आणि हो, सहाय्यक प्राध्यापकाला चारच विद्यार्थ्यांची मर्यादा आहे, म्हणजे तुमचा कोटा भरला आहे. प्रशिक्षणाला वेळ काढायला बरं.

प्रश्न : आमच्या महाविद्यालयाचा एका परदेशी विद्यापीठाशी तीन वर्षांपूर्वी सामंजस्य करार झाला. फोटो फ्रेम करून लावला आहे, पुढे काही नाही. नॅक, म्हणजे महाविद्यालयाचं मूल्यांकन, जवळ आलं आहे. काय दाखवावं? (कराड)

फोटो तर दाखवू नका. करारात कुणा विद्यार्थ्याचं नाव नाही, तारीख नाही, पैसा नाही, मग पुढे काय होणार? दोनच विद्यार्थी निवडा आणि प्रत्येकासाठी एका पानाचं जोडपत्र करा. प्रकरण कुणी किती दिवसांत वाचायचं, पेपरवर पहिलं नाव कुणाचं, तिकिटाचा खर्च कुणाचा, दोन गाइडचं पटलं नाही तर शब्द कुणाचा, को-गाइडने नोकरी बदलली तर काय, एवढं त्यावर येऊ द्या. पेपरवरच्या नावाचं तर आधीच ठरवा. भांडणं विज्ञानावरून कमी आणि नावांच्या क्रमावरून जास्त होतात.

प्रबंध तपासायला शक्य तिथे एक परीक्षक परदेशातला घ्यावा, असं यूजीसीचा नियम म्हणतो. तो परीक्षक को-गाइडच्याच विभागातला घेऊ नका. तांत्रिकदृष्ट्या खपेल कदाचित, पण वायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बसलेल्या कुणाला ते लपणार नाही.

प्रश्न : कास पठारावरच्या एका वनस्पतीवर माझं काम आहे. परदेशी को-गाइडच्या लॅबमध्ये सिक्वेन्सिंग (डीएनएचा क्रम वाचणं) फुकट होईल. जाताना बॅगेतून वाळलेली पानं नेली तर चालेल का? (सातारा)

नाही. कास २०१२ पासून जागतिक वारशात आहे. तिथलं पान तोडण्याआधीच वनखात्याची परवानगी हवी, आणि जैविक नमुना देशाबाहेर न्यायचा तर जैवविविधता कायदा, २००२ लागू होतो. त्याची मंजुरी चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडून मिळते. संस्था-संस्थांमधल्या सहकार्य प्रकल्पांना कायद्यात सवलत आहे, पण ते केंद्र सरकारच्या धोरणात बसणारे आणि मंजूर झालेले असावे लागतात. दोन प्राध्यापकांची ईमेलवरची मैत्री त्यात येत नाही. सिक्वेन्सिंग भारतातच करून घ्या. ते फुकट होणार नाही, पण पदवी अडकण्यापेक्षा स्वस्त पडेल. निष्कर्ष परदेशी व्यक्तीच्या हवाली करण्यावरही त्या कायद्यात तरतूद आहे, तेव्हा डेटा पाठवण्याआधी विद्यापीठाला लेखी विचारा.

प्रश्न : को-गाइड ब्रिटनमध्ये आहेत आणि वर्षभर तिकडे ये म्हणतात. माझी मुलगी दोन वर्षांची आहे. नाही गेले तर काम कच्चं राहील का? (मिरज)

नाही राहणार. कॉमनवेल्थची स्प्लिट-साइट, म्हणजे पीएचडी इथे आणि थोडा काळ ब्रिटनमध्ये अशी, शिष्यवृत्ती १२ महिन्यांपर्यंतची असते, म्हणून वर्षाचा आकडा त्यांच्या तोंडात बसला असेल. फुलब्राइट-नेहरूची डॉक्टरल फेलोशिप ६ ते ९ महिन्यांची असते, फ्रान्ससाठीची रामन-शार्पाक २ ते ६ महिन्यांची. म्हणजे वर्षभरच गेलं पाहिजे असं कुठे लिहिलेलं नाही. तुमचं जे काम तिकडच्या यंत्राशिवाय होणारच नाही, त्याची यादी करा. बहुधा ती सहा-आठ आठवड्यांत संपेल. शिवाय पीएचडीच्या सगळ्या काळात मिळून प्रसूती आणि बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंत रजा मिळू शकते, आणि स्त्री संशोधकांना मुदतीतही दोन वर्षांची जादा सवलत आहे. रजा उरली असेल तर मागायला लाजू नका.

बाकीचं मार्गदर्शन स्क्रीनवर होतं. ब्रिटनचं घड्याळ आपल्यामागे साडेपाच तास, उन्हाळ्यात साडेचार. त्यांच्या सकाळी दहाला आपल्याकडे अडीच-साडेतीन वाजलेले असतात. तुमची मुलगी दुपारी झोपत असेल, तर तीच वेळ मागून घ्या.