सिंक तुंबलंय, अ‍ॅसिड ओतू का?

नका ओतू. आधी सिंकखाली बादली ठेवा आणि ट्रॅप, म्हणजे पाइपला लागलेली खालची वाटी, उघडा.

तुम्ही लिहिलंय की सांगलीत विश्रामबागला भाड्यानं राहता, आठवडाभर सिंकमधलं पाणी रेंगाळत उतरतंय, सोडा आणि व्हिनेगर दोनदा ओतून झालं, प्लंबर ‘उद्या येतो’ म्हणतोय आणि आता अ‍ॅसिडच ओतावं असं वाटतंय. मी साताऱ्यात मंगळवार पेठेत बारा वर्षं डबे करते. रोज चाळीसेक माणसांची भांडी माझ्या सिंकमध्ये पडतात, त्यामुळे हे दुखणं मला पाठ आहे.

पहिलं हे बघा, की नुसतं सिंकच तुंबतंय की बाथरूमच्या मोरीतही पाणी साचतंय. सिंक रिकामं केल्यावर नहाणी ट्रॅपच्या जाळीतून पाणी वर येत असेल, तर अडथळा तुमच्या हाताबाहेर, बाहेरच्या लाइनमध्ये आहे. मालकांना सांगून चेंबरचं झाकण उचलून घ्या. चेंबर काठोकाठ भरलेलं दिसलं तर तुंबलंय त्याच्या पुढे, रिकामं दिसलं तर घर आणि चेंबर यांच्या मधे. तिथं कामटी किंवा स्प्रिंग घालणारा माणूसच लागतो, घरात बसून काही ओतून उपयोग नाही.

नुसतं सिंकच तुंबत असेल तर दहातल्या नऊ वेळा माल ट्रॅपमध्ये सापडतो. सिंकखाली वाटीसारखा किंवा बाटलीसारखा जो भाग असतो, तो बॉटल ट्रॅप. त्यात कायम थोडं पाणी थांबून राहतं आणि गटाराचा वास त्यामुळेच घरात येत नाही. जड काय असेल ते तिथंच बसतं. खालची वाटी हातानं डावीकडे पिळली की सुटते. पाना लावू नका, प्लास्टिकचे आटे जातात. घट्ट बसली असेल तर सुकं फडकं गुंडाळून पिळा. आत एक रबरी वॉशर असतो, तो बादलीबरोबर मोरीत जाऊ देऊ नका.

मागच्या डिसेंबरात मी माझी वाटी उघडली, तेव्हा काय निघालं ते सांगते, म्हणजे तुंबतं कसं हे कळेल. तोंडाशी कढीपत्त्याचं एक देठ आडवं अडकलेलं. त्याला मेणासारखा पांढरट थर धरलेला, बोटानं दाबला की ठसा उठत होता. थरात चहाचा चोथा, मोहरी, शेंगदाण्याची फोलपटं. आणि सगळ्यात तळाशी राखाडी वाळू, चांगली दोन बोटं. ही वाळू कुठून आली म्हणून मी बुचकळ्यात पडले. ती भांडी घासायची पावडर होती. तिच्यात दगडाची भुकटी असते, ती पाण्यात विरघळतच नाही. साबण वाहून जातो, भुकटी मागं राहते. मेणासारखा थर तुपाचा आणि डालड्याचा. आमच्याकडे थंडीत पहाटे पाइप गार पडतो, तूप लगेच थिजतं. शेंगदाणा तेल तसं थिजत नाही, पण त्याचा चिकट ओशटपणा पाइपच्या आतल्या बाजूला धरून राहतो आणि पुढचा कचरा त्यालाच चिकटतो.

आता सांगा, या वाळूचं आणि देठाचं अ‍ॅसिड काय करणार? चरबीवर तर ते चालतच नाही, स्टीलच्या सिंकला मात्र खड्डे पाडतं. सोडा-व्हिनेगरचंही तेच. फेस भरपूर दिसतो, पण दोघं एकमेकांना मारून टाकतात आणि खाली उतरतं ते जवळजवळ खारट पाणी. कॉस्टिक सोड्याची पावडर चरबी कापते हे खरं. पण ती मी एकदा रात्री टाकली, कुणाला सांगितलं नाही, आणि सकाळी प्लंबरच्या हाताखालच्या मुलानं वाटी उघडली. त्याच्या मनगटावर चार थेंब पडले. आधी त्याला नुसतं बुळबुळीत लागलं, म्हणून त्यानं पँटला पुसलं. कॉस्टिक कातडीतल्या चरबीचाच साबण करतं, म्हणून बुळबुळीत लागतं. मी त्याचा हात धरून वीस मिनिटं नळाखाली ठेवला, तरी लाल चट्टे उठलेच. तो सतरा वर्षांचा होता. तेव्हापासून ती पावडर माझ्या घरात येत नाही.

तुम्ही आधीच असलं काही टाकलं असेल तर त्यावर अ‍ॅसिड मुळीच घालू नका, पाणी उकळून उसळतं. रबरी पंपही मारू नका, तोंडावर उडेल. आणि अ‍ॅसिड व ब्लीच एकत्र आलं की क्लोरीन वायू होतो. बंद स्वयंपाकघरात तो जिवावर बेततो. प्लंबर आला तर काय टाकलंय ते त्याला दारातच सांगा.

वाटी घासून परत बसवली की पाइपमधला ओशटपणा काढा. भांड्याचा साबण दोन चमचे ओता आणि वरून अर्धं उकळतं, अर्धं नळाचं असं मिसळलेलं बादलीभर पाणी सोडा. सरळ उकळतं पाणी पीव्हीसीच्या पाइपला सोसत नाही, तो मऊ पडून वाकतो. मात्र ज्वारीचं पीठ अडकल्याची शंका असेल तर गरम पाणी नकोच, पीठ शिजून खळ होते. परात खरवडून गार पाण्यानंच धुवायची. आम्ही तर ते पाणी झाडांना घालतो.

एवढं करूनही पाणी हळू जात असेल तर ट्रॅपच्या पुढचा पाइप बघा. वळ्यावळ्यांचा लवचीक पाइप असेल आणि मधे झोळीसारखा लोंबत असेल, तर प्रत्येक वळीत चरबी बसते. तो साफ करत बसू नका, हार्डवेअरच्या दुकानातून नवा आणून उताराला सरळ बसवा. रबरी पंप मारायचा झाला तर रबर बुडेल एवढं पाणी सिंकमध्ये ठेवा, सिंकच्या काठाखाली ओव्हरफ्लोचं भोक असेल तर ते ओल्या फडक्यानं दाबून धरा, आणि दाबण्याइतक्याच जोरानं वर ओढा. अडकलेला गोळा ओढल्यानंही हलतो.

कढई धुण्याआधी वर्तमानपत्रानं पुसून घ्या, सिंकच्या भोकावर बारीक जाळी ठेवा. माझी वाटी आता तीन महिन्यांतून एकदाच उघडावी लागते.

वाटी बसवल्यावर रात्री सिंकखाली कोरडा कागद पसरून ठेवा. सकाळी त्यावर पाण्याचा ठिपका दिसला तर आणखी आवळू नका. वॉशर तिरका किंवा उलटा बसलाय, काढून नीट बसवा.