गिटारच्या टॉपच्या सांध्यात फट का राहते? जोडल्यावर टॉप किती पातळ करायचा?

तुम्ही लिहिलंय की टॉपच्या, म्हणजे गिटारच्या पुढच्या पृष्ठभागाच्या, स्प्रूसच्या (पाइनसारख्या मऊ लाकडाच्या) दोन फळ्या क्लॅम्प आवळल्यावर जुळतात आणि सैल केला की मध्ये केसभर फट दिसते. मग तुमच्या कडा अजून तयार नाहीत. नुसत्या बोटांनी टेकवल्यावर सांधा मिटला पाहिजे. माझ्या दुसऱ्या गिटारचा टॉप मी दाबून चिकटवला होता. हवा कोरडी झाली आणि ब्रिजच्या (तारा टॉपला जिथे अडकवतात त्या पट्टीच्या) खालून थेट टोकापर्यंत सांधा उघडला.

दोन्ही फळ्या मिटलेल्या पुस्तकासारख्या एकावर एक ठेवून कडा एकत्रच रंधा. मग रंधा किंचित कलला तरी बिघडत नाही, कारण एका कडेचा कोन जितका कमी होतो तितकाच दुसरीचा वाढतो आणि पुस्तक उघडलं की फळ्या सपाट येतात. बाक मात्र असा भरून निघत नाही. मध्ये खोलगट राहिलं तर ते दोन्ही कडांना सारखंच येतं आणि फट दुप्पट होते. तुमचं बहुधा हेच होतंय.

कडा एकमेकींवर टेकवून दिव्यासमोर धरा. मध्ये उजेडाची रेघ दिसली तर दोन्ही टोकांकडून एकेक पातळ छिलका काढा, टोकांना दिसली तर मधून. पातं त्याआधी नव्याने धार लावलेलं हवं. उजेड पूर्ण बंद झाला की त्याच दिवशी चिकटवा, कारण लाकूड हवेतला ओलावा घेतं-सोडतं आणि कड पुन्हा हलते. खाली मेणकागद घाला. सांध्यावर सरसाचे बारीक थेंब येतील इतकाच दाब पुरे.

आता जाडी. स्टीलच्या तारांच्या गिटारला साधारण 2.5 ते 3 मिमी, नायलॉनच्या तारांना 2 ते 2.5 मिमी, पण हे आकडे फक्त सुरुवातीसाठी. ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. 3 मिमीची फळी 2.7 वर आणली की वजन 10 टक्के घटतं, ताठपणा मात्र सुमारे 27 टक्के. त्यात दोन स्प्रूस फळ्या कधी सारख्या नसतात. म्हणून मी 3.2 मिमीला कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) बाजूला ठेवतो. फळीची दोन टोकं टेकवून मध्ये दर वेळी तेच वजन ठेवायचं आणि किती झुकते ते लिहून ठेवायचं. सोबत दोन्ही हातांनी आडवी वाकवून पाहायची. चार-पाच टॉप झाले की तुमच्या वहीतले आकडे माझ्यापेक्षा तुम्हाला जास्त उपयोगी पडतील.

रंधताना सांध्याच्या बाजूने सरळ जाऊ नका. पुस्तकासारख्या उघडलेल्या फळ्यांत लाकडाच्या रेषांचा चढ एकमेकांच्या उलट असतो, त्यामुळे एका बाजूला गुळगुळीत निघतं आणि दुसरीकडे लाकूड उचकटतं. तिरकं रंधा आणि शेवट स्क्रेपरने (लाकूड खरवडायच्या पोलादी पत्र्याने) करा.

पाठीच्या जाडीची इतकी काळजी नको. स्पॅनिश गिटार कारागीर आंतोनियो दे तोर्रेस यांनी 1862 मध्ये पाठ आणि बाजू कागदाच्या लगद्याच्या करून गिटार बनवली, आवाजाचं मुख्य काम टॉप करतो हे दाखवायला. मी पाठ 2.5 मिमीच्या आसपास ठेवतो. सांध्याची तयारी मात्र टॉपसारखीच, आणि आतून त्यावर स्प्रूसची पातळ पट्टी, रेषा सांध्याला आडव्या येतील अशी.