नवी कोंबडी खुराड्यात सोडण्याआधी

पाच-सहा गावरान कोंबड्यांवर सुरुवात करताय ते बरं केलंत. राणीखेत या कोंबड्यांच्या साथीच्या रोगाची लस वेळेवर द्या, खुराड्याला मुंगूस शिरणार नाही अशी जाळी लावा. बाकीचं शिकत जाल.

नवी कोंबडी मात्र थेट आत सोडू नका. जुन्या तिला टोचतात, आणि एकदा रक्त दिसलं की कोपऱ्यात गप्प बसलेल्याही धावून येतात. नीट बघा, सगळ्यात जोर कोणाला येतो? माझ्या पाहण्यात तरी वरचढ कोंबडीला नाही, तर रोज मार खाणारीला. तिला आता खाली कुणीतरी मिळालेलं असतं. थोर्लेफ श्येल्डेरुप-एब्बे या नॉर्वेजियन अभ्यासकाने 1920च्या दशकात ही उतरंड मांडली; आपल्याकडच्या धाकट्या सुनांना ती त्याच्या आधीच पाठ होती!

म्हणून नव्या दोन आणा, एकटी नको. आठवडाभर जाळीपलीकडे ठेवा, मग अंधार पडल्यावर दांडीवर बसवा. दाण्याची भांडी दोन, लांब लांब. निम्मी भांडणं भांड्यापायीच असतात, स्वभावापायी नाही.

पुढे शेळ्या घ्याल, तर पाला टांगून द्या. खाली पडलेला तुडवतात. स्वतःपुढे ढीग असला तरी शेजारणीच्या तोंडातलाच ओढतील, त्याला इलाज नाही. आणि बोकड विकायचा हे पोरांना पहिल्या दिवशीच सांगा. बकरी ईदच्या तोंडावर भाव चांगला येतो, पण तेव्हा पोरांआधी मोठी माणसंच विरघळतात.