खाणीतलं लोखंड आणि आपल्या रक्तातलं लोखंड एकच का?

हो, मूलद्रव्य एकच. गोव्यातल्या डिचोली-सांग्याकडच्या खाणीत ते हेमटाइट नावाच्या खनिजात ऑक्सिजनला घट्ट धरून बसलेलं असतं, आणि रक्तात ते हिमोग्लोबिनमध्ये, एका रेणूत फक्त ४ अणू, ते फुप्फुसात ऑक्सिजन पकडतात आणि पुढे गरज असेल तिथे सोडून देतात, हे सोडता येणं हीच खरी गंमत, गंजलेल्या खिळ्याला ते जमत नाही. मोठ्या माणसाच्या अंगात सगळं मिळून लोह ३-४ ग्रॅम, बस. बाकी वजनातलं सुमारे ९६% म्हणजे ऑक्सिजन, कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन, पाणी प्रथिनं चरबी सगळं मुख्यतः ह्यांचंच, मग हाडांतलं कॅल्शियम, डीएनएतला फॉस्फरस वगैरे.

आणि ऑक्सिजन वाहायला सगळ्यांना लोखंडच लागतं असं पण नाही हां. आपल्या कुर्ल्या (खेकडे) नि सुंगटांच्या (कोळंबी) रक्तात ते काम तांबं करतं, त्या प्रथिनाला हिमोसायनिन म्हणतात, ऑक्सिजन मिळाला की रक्त निळसर दिसतं. शिजवल्यावर कुर्ली लाल होते त्याचा रक्ताशी संबंध नाही, तो रंग कवचातला.

खाणीची माती खाऊन लोह वाढेल का विचारलंय तर नाही, ते पोटात जवळजवळ विरघळतच नाही, त्यापेक्षा नाचणी, तिसऱ्या (शिंपले) खा.